नवी कोरी गाडी, मीटरवर ३७४ किमी. घ्यावी की सोडावी?

कृष्णाकाठ (सातारा)

मंडळी जरा पटकन सल्ला हवाय, परवा दसरा आहे आणि उद्या दुपारपर्यंत शोरूमला काय ते सांगायचंय.

कॉम्पॅक्ट एसयूव्ही बुक केलीये, पेट्रोल ऑटोमॅटिक, टॉपच्या खालचं व्हेरियंट, ऑनरोड साडेतेरा लाखाच्या आसपास जातंय. कंपनीचं आणि डीलरचं नाव मुद्दाम टाकत नाही, व्यवहार अजून व्हायचाय. वडलांना आणि बायकोला दोघांनाही निळाच रंग पाहिजे होता (आमच्या घरात या दोघांचं एकमत होणं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच माहीत) आणि आमच्या डीलरकडे निळी नव्हती, तर तो म्हणाला मी मागवतो, दसऱ्याला देतो म्हणजे देतोच.

आज संध्याकाळी बघायला गेलो. मागे शेडमध्ये उभी होती, सीटवर प्लास्टिक, धुतलेली, दिसायला एक नंबर. मीटर ऑन करून बघितलं तर ३७४ किमी. सेल्सच्या पोराला विचारलं तर म्हणतो सर यार्डातून येते ना, एवढं होतंच. यांचं यार्ड शोरूमपासून पाच-सहा किमीवर आहे हो, मी रोज तिथून जातो. मग मॅनेजर आला आणि म्हणाला की नाही नाही, कोल्हापूरच्या डीलरकडून ट्रान्सफर घेतलीये, ड्रायव्हर चालवत घेऊन आला. ठीक आहे, पण कोल्हापूर सातारा सव्वाशे किमी, मग बाकीचे अडीचशे कुठले? त्यावर तो हसला आणि म्हणाला साहेब नवीनच आहे गाडी, बिल तुमच्याच नावाने फाटणार.

आत्तापर्यंत फक्त बुकिंगचे २५ हजार भरलेत. बँकेचं लोन मंजूर आहे पण डीओ (डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे पैसे देतो गाडी द्या असं बँकेचं डीलरला पत्र) अजून दिलेला नाही. बिल, इन्शुरन्स, पासिंग काहीच झालेलं नाही असं ते म्हणतायत, उद्या सकाळी सगळं एकदम करून देतो म्हणे.

तर प्रश्न असा की एवढे किमी नॉर्मल असतात का, टेस्ट ड्राइव्हची गाडी चिकटवतायत का हे कसं ओळखायचं, आणि घेतलीच तर काय मागून घ्यावं? वडलांनी भटजींना वेळ पण सांगून ठेवलीये.

घाटमाथा

घेऊन टाका हो. ३७४ म्हणजे काय, तुम्ही एकदा कोकणात जाऊन आलात की तेवढे होतात. मीटरकडे बघत बसलात तर दसरा जाईल.

शोरूमचा_माजी

घाटमाथा, तसं नसतं. मी बरीच वर्षं डीलरशिपमध्ये स्टॉक बघायचो, आता त्या लाईनमध्ये नाही त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

नवीन गाडी शून्यावर कधीच येत नाही. कारखान्यात लाईन संपली की थोडी पळवून बघतात, मग तिथल्या यार्डात, मग ट्रेलरवर नाहीतर रेल्वेच्या रेकमध्ये चढवायची, उतरवायची, परत यार्ड, मग डीलरचा स्टॉकयार्ड जो शहराबाहेर स्वस्त जागेत असतो, तिथून पीडीआयसाठी (डिलिव्हरीआधीची तपासणी) वर्कशॉप आणि शेवटी शोरूम. हे सगळं धरून वीस ते साठ-सत्तर किमी असेल तर कुणी काही बोलायचं कारण नाही. शंभरच्या आसपास असेल तर सहज विचारावं. तीनशेच्या वर असेल तर मात्र त्या आकड्यामागे काहीतरी गोष्ट असते, आणि ती गोष्ट वाईटच असते असं पण नाही.

डीलर ट्रान्सफर हे खरंच होतं आणि सणाच्या आधी तर फार होतं. एका गाडीसाठी ट्रेलर कोण करणार, ड्रायव्हरला हजार-दीड हजार आणि पेट्रोल दिलं की तो लाल टीसी (ट्रेड सर्टिफिकेट, पासिंग न झालेली गाडी चालवायचा डीलरचा परवाना) प्लेट लावून रात्रीत आणून देतो. ट्रेड सर्टिफिकेटवर एका डीलरकडून दुसऱ्या डीलरकडे गाडी चालवत नेता येते, त्यात बेकायदेशीर काही नाही. तुमच्या केसमध्ये असंही असू शकतं की आधी कोल्हापूरवाल्यानेच कुणाच्या तरी घाईसाठी ती पुण्याहून चालवत नेली, पुणे कोल्हापूर धरा २३५-२४०, त्या गिऱ्हाइकाचं लोन झालं नाही, गाडी पडून राहिली, आणि आता सव्वाशे किमी करून तुमच्याकडे आली. बेरीज केलीत तर ३६०-३६५ होते, वर यार्डातले दहा. म्हणजे ३७४ बसतं.

पण बसतं म्हणून तसंच झालं असं नाही. म्हणून तोंडी काही ऐकू नका, कागद मागा. दोन डीलर वेगळे असतील तर त्यांच्यात टॅक्स इन्व्हॉइस होतो आणि ई-वे बिल निघतं. महाराष्ट्रात राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या वरचा माल हलला की ई-वे बिल लागतं, आणि गाडी स्वतःच्या चाकावर आली तरी ती मालच आहे. त्यावर कुठून निघाली, कुठे गेली, कुठल्या तारखेला आणि अंतर किती हे सगळं येतं. दुसरं म्हणजे कोल्हापूरच्या डीलरकडे गाडी पहिल्यांदा उतरली तेव्हाचा इनवर्डचा चेकशीट, त्यात ओडोमीटर लिहिलेला असतो. हे दोन कागद व्हॉट्सअॅपवर मागवायला पाच मिनिटं लागतात. जो मॅनेजर पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास कारणं देतो त्याच्याकडे काय आहे ते समजून जा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे होईपर्यंत डीओ देऊ नका. हल्ली पासिंग डीलरच्याच लॉगिनवरून होतं, नंबर तुमच्या नावाने पडल्याशिवाय गाडी बाहेर देता येत नाही आणि एकदा नंबर पडला की मग ती तुमचीच. त्यानंतर गाडी बदलून द्या म्हणालात तर तो दारात पण उभं करणार नाही. आज तुमचे २५ हजार अडकलेत, त्याची गाडी अडकलीये, आणि दसऱ्याच्या आकड्यात त्याला तुमचं बिल पाहिजे. म्हणजे वजन तुमच्याकडे आहे हे ओळखा.

तात्या_मिस्त्री

कागद मागाच पण त्याआधी गाडीलाच विचारा, ती खोटं बोलत नाही. उद्या सकाळी उजेडात जा, शेडमध्ये ट्यूबलाईटखाली बघू नका, रंगाचा टच-अप दिसत नाही.

मीटरमध्ये ट्रिप ए आणि ट्रिप बी असतं. सेल्सवाला ए शून्य करतो, बी बहुतेक वेळा विसरतो. बी मध्ये पण ३७४ च असेल तर ती जन्मापासूनची आहे. आता त्याच स्क्रीनवर सरासरी मायलेज आणि सरासरी वेग बघा आणि फोटो काढा. हायवेने सलग आलेली गाडी वेगळा आकडा दाखवते आणि दहा मिनिटं इकडं दहा मिनिटं तिकडं फिरवलेली वेगळा.

मग टायर. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, यार्डातल्या गाडीला कडेनेच नाही तर मधल्या पट्ट्यावर पण थोडे शिल्लक असतात, तीनशे किमी झाले की मधले जातात, ते ठीक, पण कडेचे सुद्धा गेले असतील तर वळणं जास्त झालीयेत म्हणजे गावात फिरलीये. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, पाचही टायर बघा, स्टेपनी सकट, एखादा वेगळा निघाला तर विचारा का बदलला. बॉनेटच्या पुढच्या कडेवर आणि नंबर प्लेटच्या जागेभोवती खडीचे टिपके आहेत का हाताने फिरवून बघा, कोल्हापूर सातारा रस्त्याचं सहापदरीचं काम चालू असेल तिथे खडी भरपूर उडते. ड्रायव्हर सीटची डावी-उजवी कड, पॅडलचं रबर, ड्रायव्हरच्या दाराचा सिल (दाराखालची पट्टी). ड्रायव्हरच्या बाजूला घासलेलं असेल ते समजू शकतो, पण मागच्या दाराच्या सिलवर बुटांचे ओरखडे असतील तर त्या गाडीत फॅमिल्या बसून गेल्यात.

आणि टचस्क्रीनवर ब्लूटूथ उघडा. जोडलेल्या फोनची लिस्ट पुसायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

कृष्णाकाठ (सातारा)

तात्या, फोटो मी आजच काढलेत, फक्त तेव्हा कशाचा अर्थ काय ते माहीत नव्हतं. आत्ता झूम करून बघितलं. ट्रिप ए ६ किमी. ट्रिप बी ३७४. सरासरी मायलेज ९.८ आणि सरासरी वेग २१ दाखवतोय.

ब्लूटूथ बघितलं नाही. मागच्या सीटचं प्लास्टिक मात्र एका बाजूला फाटलेलं होतं, मला वाटलं असंच फाटलं असेल.

आकडेमोड

२१? मग हिशोब सोपा आहे, करून टाकतो.

३७४ भागिले २१ म्हणजे इंजिन जवळपास १८ तास चालू होतं. यातले १२५ किमी जर खरंच कोल्हापूरहून हायवेने आले असतील तर ताशी ५५ धरून सव्वादोन तास. उरले २४९ किमी आणि साडेपंधरा तास, म्हणजे त्या भागाचा वेग ताशी १६. पुणे कोल्हापूर ताशी १६ ने बैलगाडी पण कंटाळेल. म्हणजे शोरूमचा_माजी यांनी मांडलेली पुण्याहून चालवत नेल्याची शक्यता यात बसत नाही. ही गाडी एसी लावून उभी राहिलीये आणि तुकड्यातुकड्यात फिरलीये.

शोरूमचा_माजी

बरोबर आहे, हे आकडे बघितल्यावर मी पण पुण्याची शक्यता सोडली. ९.८ हे हायवेचं मायलेज नाहीच. डिस्प्लेला नाहीतर मेळाव्याला गेलेली गाडी वाटते. तालुक्याच्या गावाला मंडप टाकतात, एक्स्चेंज मेळा म्हणून दोन-तीन दिवस दोन गाड्या उभ्या करतात, येणारा जाणारा बसून एसी लावून बघतो आणि स्टँडपर्यंत एक चक्कर मारतो. खरं तर त्यासाठी डेमो गाडी असते, ती डीलरच्या नावाने पास केलेली असते. पण डेमो एकच आणि मेळावे तीन ठिकाणी असले की स्टॉकमधली काढतात. हे चुकीचं आहे, होतं मात्र सगळीकडे.

नाशिककरीण

मला एक वेगळाच मुद्दा टाकायचाय, कारण किमीवर सगळे बोलतायत पण तारखेवर कुणी बोलत नाहीये.

आमच्या गाडीला मीटरवर फक्त ४१ होते, सगळं गुळगुळीत. पहिल्या सर्व्हिसला गेलो तेव्हा अॅडव्हायझरने सिस्टीम उघडली आणि वॉरंटी सुरू झाल्याची तारीख आमच्या डिलिव्हरीच्या अडीच महिने आधीची. म्हणजे डीलरने महिनाअखेरीचं टार्गेट भरायला गाडी कंपनीच्या सिस्टीममध्ये विकली म्हणून आधीच दाखवून ठेवली होती. तीन वर्षांच्या वॉरंटीतले अडीच महिने गेले की. भांडून, मेल करून, आरसीची कॉपी देऊन तारीख दुरुस्त करून घेतली पण डोक्याला ताप झालाच.

तेव्हा चेसिस नंबर घ्या आणि कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून विचारा की या चेसिसवर रिटेल झालेलं दाखवतंय का आणि वॉरंटीची तारीख काय. ते सांगतात. आणि बनवल्याचा महिना बघा. बऱ्याच कंपन्यांमध्ये चेसिस नंबरचं दहावं अक्षर वर्षाचं असतं, आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. महिन्याचं अक्षर प्रत्येकाचं वेगळं असतं त्यामुळे त्यात पडू नका, फॉर्म २१ वर (डीलरचं विक्रीचं सर्टिफिकेट) महिना आणि वर्ष दोन्ही छापलेलं येतं आणि आरसीवर पण तेच चढतं. पुढे गाडी विकायला काढाल तेव्हा समोरचा ते बघूनच भाव पाडणार.

टेम्सकाठी

इकडे इंग्लंडमध्ये गाडी घेतानाचा अनुभव थोडक्यात. इथे हे इतकं रूढ आहे की ऑर्डर फॉर्मवरच डिलिव्हरी मायलेज म्हणून ओळ असते. कारखान्यापासून डीलरपर्यंत ट्रेलर, पण डीलरपासून घरापर्यंत दोन पर्याय, एक तर ड्रायव्हर चालवत आणणार म्हणजे शंभर-दोनशे मैल चढणार, नाहीतर जास्तीचे पैसे भरा आणि ट्रकवर मागवा. आधीच विचारतात, त्यामुळे नंतर कुणी भांडत नाही. शिवाय प्री-रजिस्टर्ड म्हणून प्रकार आहे, डीलर टार्गेटसाठी गाडी स्वतःच्या नावाने नोंदवतो आणि नंतर बऱ्यापैकी स्वस्तात विकतो, मीटरवर दहा मैल असले तरी कागदावर तुम्ही दुसरे मालक. लोक आनंदाने घेतात कारण सगळं उघड असतं. आणि गाडीत काही खोट निघाली तर २०१५ च्या कायद्याप्रमाणे पहिल्या ३० दिवसांत गाडी परत करून पूर्ण पैसे मागता येतात.

भारतात ती ३० दिवसांची सोय नाही म्हणूनच आधी बघून घेणं जास्त गरजेचं.

घाटमाथा

झालं, आता लंडनपर्यंत गेलं प्रकरण. अहो त्यांना परवा गाडी पाहिजे. वडीलधाऱ्या माणसाने वेळ काढलीये, भटजी ठरलेत, आणि तुम्ही त्यांना टायरचे केस मोजायला सांगताय. इंजिनला काय होतंय २५० किमीने? उलट रनिंग-इन (नवं इंजिन रुळायचा काळ) अर्धं झालं. पंचवीस-तीस हजार पाडून घ्या आणि नारळ फोडा.

तात्या_मिस्त्री

रनिंग-इन झालं हे कुणी सांगितलं तुम्हाला? पहिले हजार किमी माणूस जपून चालवतो, एकदम रेस नाही, सारखा एकाच वेगाने नाही. टेस्ट ड्राइव्ह घेणारा काय जपणार, त्याला पिकअप बघायचा असतो, थंड इंजिनवर पाय खाली. इंजिन बंद पडेल असं मी पण म्हणत नाही, आजकालची इंजिनं सहन करतात. पण साडेतेरा लाख नव्या गाडीचे देतोय माणूस. आणि पहिली फ्री सर्व्हिस बऱ्याच कंपन्यांची हजारला असते, ती सहाशेवर आली ना यांची.

कायद्याचं_बोला

दोन गोष्टी कायद्याच्या बाजूने.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये वापरलेला किंवा जुना माल नवा म्हणून विकणं ही अनुचित व्यापार प्रथा म्हणून स्पष्ट लिहिलेली आहे. गोव्याची एक केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती, निकाल फेब्रुवारी २०२१ चा. २०११ मध्ये नवी म्हणून घेतलेली गाडी २००९ ची निघाली, मीटरवर ६२२ किमी, खालून गंज, अंगावर ओरखडे. खालच्या सगळ्या पातळ्यांवर डीलर आणि कंपनी दोघांनाही जबाबदार धरलं होतं. सुप्रीम कोर्टाने कंपनीला सोडलं, कारण कंपनीने डीलरला विकली तिथे त्यांचा व्यवहार संपला आणि डीलरने पुढे काय केलं हे कंपनीला माहीत होतं असं कुणी सिद्ध केलं नाही. डीलरची जबाबदारी मात्र कायम राहिली. म्हणून कंपनीला मेल टाकून बसू नका, जे काही आहे ते डीलरकडूनच लेखी घ्या.

दुसरं, जिल्हा ग्राहक आयोगात ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार चालते, तुमच्या रकमेला फी ४०० रुपये, मुदत दोन वर्षं, ऑनलाइन पण दाखल होते. त्याआधी ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून बघता येतो. हे सगळं आहे, पण मी स्वतः अशा केसेस बघतो म्हणून सांगतो, निकाल लागेपर्यंत गाडीचे टायर दोनदा बदलून होतात. तुमच्या हातात आत्ता काहीच सही केलेलं नाही ही जागा कोर्टापेक्षा फार मजबूत आहे. आणि एक, मीटर बघून, सगळं माहीत असून गाडी घेतलीत आणि सवलत पण घेतलीत तर नंतर फसवलं म्हणता येणार नाही. घ्यायची असेल तर शांतपणे घ्या, पण मग इन्व्हॉइसवर किंवा डिलिव्हरी नोटवर ओडोमीटर ३७४ असं लिहून त्यावर शिक्का आणि सही घ्या. पुढे विकताना नाहीतर वॉरंटीच्या वादात ते उपयोगी पडतं.

शोरूमचा_माजी

सवलतीचा विषय निघालाच आहे तर, अॅक्सेसरीजमध्ये घेऊ नका. मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, बॉडी कव्हर हे २० हजारांचं पॅकेज म्हणून दाखवतात, डीलरला त्याच्या निम्म्याने पण पडत नाही. टेफ्लॉन कोटिंगचं तर बोलूच नका. घ्यायचं तर इन्व्हॉइसमध्ये रोख सूट घ्या, एक्स-शोरूम कमी झालं तर त्यावरचा टॅक्स पण कमी होतो, नाहीतर कंपनीची एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या, कंपनीची म्हणजे कंपनीची, कुठल्यातरी तिसऱ्याच विमा एजन्सीची नको.

अजून एक आतली गोष्ट, पुढच्या वेळी कुणाला उपयोगी पडेल. पीडीआय पितृपक्षात करायचा. लोक त्या पंधरवड्यात गाडी घेत नाहीत, शोरूम रिकामं, यार्ड भरलेलं, सेल्सची पोरं माश्या मारत बसलेली असतात, ते तुम्हाला चार गाड्या दाखवतील आणि तुम्ही चेसिस निवडू शकता. बिल आणि पूजा घटस्थापनेनंतर करा की. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिथे चहा विचारायला पण कुणी मोकळं नसतं.

कृष्णाकाठ (सातारा)

अपडेट देतो, सगळ्यांनी इतका वेळ दिलात म्हणून नीट लिहितो.

सकाळी मेव्हण्याला घेऊन गेलो. ब्लूटूथच्या लिस्टमध्ये चार फोन, त्यातल्या एकाचं नाव शोरूमच्याच नावाने आणि बाकीचे कुणाकुणाचे. मागच्या डाव्या दाराच्या सिलवर ओरखडे, तात्यांनी म्हटलं तसेच. बाकी रंग वगैरे चांगला, बॉनेटवर दोन टिपके. टायर पाचही एकाच महिन्यातले.

मॅनेजरला म्हटलं ई-वे बिल आणि कोल्हापूरचा इनवर्ड चेकशीट दाखवा. ई-वे बिल हा शब्द ऐकल्यावर त्याचा सूर बदलला हे मान्य करावं लागेल. आधी म्हणाला अकाउंटवाला सुट्टीवर आहे, मग म्हणाला सिस्टीम डाउन आहे, मग मी म्हटलं ठीक आहे सिस्टीम वर आली की फोन करा, मी बँकेत डीओ थांबवून ठेवतो, आणि उठलो. गेटपर्यंत पोचलो नाही तोवर पोरगा पळत आला. आत नेलं, चहा आला, कागद पण आले. ई-वे बिलावर कोल्हापूर ते सातारा, तारीख तीन दिवसांपूर्वीची, अंतर बरोबर. चेकशीटवर जूनमध्ये उतरली तेव्हाचं रीडिंग १९. म्हणजे तिकडून निघताना जवळपास अडीचशे किमी होते आणि ते १९ सोडून बाकीचे सगळे कोल्हापूरच्या डीलरकडे जून ते आत्तापर्यंत झालेले. मग मॅनेजरने तिकडे फोन लावला, स्पीकरवर नाही, आणि सांगितलं की हो, दोन-तीन मेळाव्यांना डिस्प्लेला गेली होती. त्याला स्वतःला आधी माहीत होतं की नाही देव जाणे.

मग सुरू झालं. आधी अॅक्सेसरीज पॅकेज. नको म्हटलं. मग १५ हजार रोख सूट. मग २५ हजार आणि चौथ्या-पाचव्या वर्षाची कंपनीची एक्स्टेंडेड वॉरंटी. खरं सांगू का, त्या क्षणी मी हो म्हणणार होतो. मेव्हणा म्हणाला दाजी, हीच गाडी तुम्हाला आधी डिस्प्लेची म्हणून २५ हजार कमी करून दाखवली असती तर? तर बहुतेक घेतली असती. पण यार्डातून आली, मग कोल्हापूरहून आली, मग मेळावा, असं एकेक सोलत इथपर्यंत आल्यावर अजून आत काय आहे ते कुणाला माहीत. नाही म्हणून आलो.

बुकिंग तसंच ठेवलंय. कंपनीकडून निळी नवीन अलॉट करून घेतायत, दिवाळी पाडव्याला देतो म्हणालेत आणि चेसिस नंबर पडला की बिल करायच्या आधी मला कळवायचा, गाडी मी बघेन, मगच डीओ, हे सगळं मॅनेजरच्या मेलवर लेखी घेतलंय. वडील अजून नीट बोलत नाहीयेत. भटजींना मी स्वतः फोन केला, ते म्हणाले पाडवा पण साडेतीन मुहूर्तातलाच आहे, तेव्हा तिकडून तरी आशीर्वाद आहे.

घाटमाथा

२५ हजार आणि दोन वर्षांची वॉरंटी सोडलीत राव. मी असतो तर काल संध्याकाळीच पेढे वाटले असते.

आकडेमोड

साडेतेरा लाखावर २५ हजार म्हणजे दोन टक्क्यांच्या पण आत. एवढं तर कंपनीवाले दिवाळीत तसंच देतात कुणालाही.

शोरूमचा_माजी

कृष्णाकाठ, मेल घेतलात ते बेस्ट केलंत. पाडव्याच्या दोन दिवस आधी जाऊ नका, पुन्हा हीच गर्दी असणार, वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात गाडी बघून घ्या. आणि मेलमध्ये एक ओळ अजून टाकून घ्या की डिलिव्हरीच्या वेळी रीडिंग अमुक एवढ्याच्या आत असेल. मी ७० लिहायला सांगितलं असतं.

कृष्णाकाठ (सातारा)

७० वर तो तयार होत नाहीये, शंभर म्हणतोय. शंभर चालेल का?

तात्या_मिस्त्री

चालेल. ट्रिप बी शून्य करायचा नाही हे पण लिहून घ्या.